शार्शेनची घाईची दुवा

शेजारच्या झेनेपच्या नातवाला पाळण्यात घातलं त्या दिवशी चाळीस माणसं अर्धपोटी घरी गेली, आणि त्याला कारण बुरुलचे सासरे शार्शेन.

झालं असं, की चहा झाला होता, बोरसोक म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे आणि जर्दाळूचा मुरंबा झाला होता, आणि बाहेर कढईत दोन मेंढ्या रटरटत होत्या. शार्शेन मानाच्या जागी बसलेले. समोरची मिठाई त्यांनी सगळ्यांच्या आधी संपवली, तळवे उघडले आणि खणखणीत आवाजात दुवा दिली: बाळ मोठं होवो, घोड्यावर बसो, ओमिन! तोंडावरून हात फिरवला आणि उठले. आता पंगतीतल्या सगळ्यात मोठ्या माणसानं ओमिन म्हटलं की जेवण संपलं. मग कढईत मेंढी असो नाहीतर उंट असो. माणसं एकमेकांकडे बघत राहिली, मग एकानं हात फिरवला, मग दुसऱ्यानं, आणि सगळी मुकाट्यानं बूट घालायला लागली. झेनेप मांसाची परात घेऊन दारात उभी ती उभीच.

"तुझ्या सासऱ्याच्या तोंडाला कुलूप लाव गं!" ती बुरुलला म्हणाली. "दोन मेंढ्या कुत्र्यांना घालू का आता?"

दुवा खोडायची छाती कुणाचीच नव्हती. झेनेपची तरी कुठे होती? पण टोमणे मारायला छाती लागत नाही, ते तिनं वर्षभर मारले.

खरं म्हणजे आजार त्याच्या कितीतरी आधी घरात शिरला होता. पण तेरेक-बुलाकसारख्या किर्गिझ गावात तो ओळखायचा कसा? शार्शेन मेजवानीतून खिसे भरून गोड गोळ्या आणायचे, तर मेजवानीचं उरलंसुरलं घरी न्यायची इथं रीतच आहे. न नेणाऱ्याला लोक शिष्ट म्हणतात. एका मयतीला जाऊन ते विधवेला म्हणाले, "आता याचा घोडा कुणाला विकणार गं तू?" लोक म्हणाले, म्हातारा फटकळ झालाय, वयाप्रमाणे होतं. वय तरी काय, त्रेसष्ट! जन्मभर विजेच्या खात्यात लाइनमन म्हणून खांबांवर चढलेला माणूस, बोलायला मऊ, आणि सुनेला कधी अगं-तुगंही न करणारा.

मग बुरुलची सासू गेली. घरात आकांत चालला होता आणि शार्शेन स्वयंपाकघरात येऊन सुनेला म्हणाले, "मुरंब्याची बरणी कुठे ठेवलीस?" बायको शेजारच्या खोलीत पांढऱ्या कापडाखाली, आणि हा माणूस बरणीत बोट घालून चाटत बसला. त्या दिवशी बुरुलला उमगलं. हा फटकळपणा नव्हे. माझे अताके, माझे सासरेबाबा, हे नव्हेत, कुणीतरी त्यांच्या अंगरख्यात शिरलंय, असं तिला वाटलं. सासूसाठी ती रडलीच, पण त्या रडण्यात निम्मं सासऱ्यासाठी होतं.

तालुक्याच्या डॉक्टरनं आठवणीच्या गोळ्या लिहून दिल्या. आता आठवण तर सासऱ्यांची खणखणीत होती, कुठल्या खांबावर कुठल्या साली वीज पडली तेसुद्धा तोंडपाठ. गोळ्या सुरू झाल्या आणि माणूस आणखीच सैरभैर झाला. पहाटे उठून शेजाऱ्यांची दारं वाजव, बायकांच्या ताटातलं उचल, कुणी अडवलं की ढकल. तेव्हा बुरुलच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, मुकांबेत बाइके, धावून आले. बाइके नारीन शहरात राहतात आणि महिन्यातून एकदा येऊन अक्कल वाटतात. उंटावरचा शहाणा म्हणतात तो असाच असावा. त्यांनी ओळखीचा कंपाउंडर आणून शांत करायचं इंजेक्शन टोचवलं. झालं शांत! तीन दिवस सासरे ओंडक्यासारखे ताठ पडून होते, मान वळेना, लाळ गळायची, हातात चहाची वाटी टिकेना. बुरुलनं चमच्यानं पाणी पाजलं आणि मनातल्या मनात थोरल्या दिरांना अशा शिव्या दिल्या, की त्या उच्चारल्या असत्या तर कुरणातलं गवत करपलं असतं.

चौथ्या दिवशी तिनं नवऱ्याच्या गाडीत सासऱ्यांना बसवलं आणि थेट बिश्केक गाठलं. नवरा कुबात गाडी चालवतो, प्रवाशांची ने-आण करतो, त्या दिवशी त्यानं एकही प्रवासी घेतला नाही. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी पेशंटचं नाव विचारलं तेव्हा बुरुल गप्प. लग्नाला तेवीस वर्षं झाली, सासऱ्याचं नाव तिच्या ओठांवर कधी आलेलं नाही, सुनेनं ते घ्यायचं नसतं. शेवटी तिनं कागदावर लिहून दिलं. बाई हसल्या. मग तासभर तपासलं, मेंदूचा फोटो काढला आणि समजावून सांगितलं.

"हा विसरण्याचा आजार नाही. मेंदूचा पुढचा भाग झिजतोय. लाज, सबुरी, दुसऱ्याच्या दुःखाची कळ, हे सगळं तिथं राहतं. आठवणीच्या गोळ्या बंद करा, यांना त्या उलट्या पडतात. आणि ते इंजेक्शन पुन्हा देऊ नका. या आजारात अंग असंच ताठतं."

"मग बरे कशानं होतील?"

"बरे होणार नाहीत," बाई म्हणाल्या. त्यांनी खोटं सांगितलं नाही, म्हणून बुरुलला त्या आवडल्या. "ही एक छोटी गोळी देते, उदासीवर देतात तीच. आधी अर्धी, मग पूर्ण. हावरेपणा नि चुळबुळ थोडी कमी होईल, महिनाभर वाट बघा. पण गोळीचं काम चार आणे, बारा आणे तुमचं. वाद घालू नका, समजवायला जाऊ नका. ते बिथरले की एक गोष्ट लिहून ठेवा: त्याच्या आधी काय झालं होतं?"

बुरुलनं वही केली. मुलाच्या जुन्या भूमितीच्या वहीची कोरी पानं. पंधरा दिवसांत तिला कळलं, की टीव्ही आणि माणसं दोन्ही एकदम बोलायला लागली की सासरे उठतात. भूक लागली की ढकलतात. आणि 'नको' म्हटलं की तेच करतात. म्हणून घरात 'नको' शब्दच बंद झाला. "अताके, ते नको" ऐवजी "अताके, हे बघा." कुबातला हे जमायला तीन महिने लागले, आणि मधल्या काळात बायकोच्या शिव्या खाऊन खाऊन तो चांगला गुटगुटीत झाला.

सकाळी सासरे खांब मोजायला जायचे. घरापासून जुन्या गिरणीपर्यंत एक्केचाळीस खांब, प्रत्येकाला हात लावायचा आणि परत यायचं. आधी बुरुल घाबरून मागे मागे जायची, मग तिला समजलं की हा माणूस रस्ता चुकणं शक्यच नाही, चुकला तर एक्केचाळीस कसे भरतील? तिनं वाटेवरच्या घरांना सांगून ठेवलं: यांना गोड द्यायचं नाही, हात दाखवायचा आणि 'बरोबर आहे' म्हणायचं. परत आले की गरम चहा, चहाबरोबर गोळी, गोळी गिळून जीभ उचलून दाखवली की एक चमचा मुरंबा. गोळी लपवून द्यायची नाही. एकदा लपवली होती, तर सापडली तेव्हा त्यांनी चार दिवस चहाच प्यायला नाही. गोळ्यांचं पाकीट पेटीत आणि किल्ली बुरुलच्या गळ्यात, कारण एकदा गोडाची म्हणून त्यांनी एकदम सहा तोंडात टाकल्या होत्या आणि तिनं बोट घालून बाहेर काढल्या. बोटावर दातांचा वण अजून आहे. "माझी अंगठी," असं ती तो दाखवून म्हणते.

असं वर्ष गेलं. घर मार्गी लागलं म्हणायला हरकत नव्हती. आणि मग एर्मेकचं लग्न ठरायला आलं.

एर्मेक म्हणजे बुरुलचा थोरला. मुलगी पलीकडच्या खोऱ्यातली, नाव जांगिल. वसंतात बुरुलनं स्वतः जाऊन तिच्या कानात मागणीचे झुमके घातले होते. आता शरदात मुलीकडची माणसं घर बघायला आणि तारीख पक्की करायला येणार होती. मुलीची आई कुलिपा हिची ख्याती अशी, की तिनं थोरल्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं होतं, मुलाच्या घरातलं चहाचं सामोवार आतून घासलेलं नव्हतं म्हणून.

मुकांबेत बाइके आदल्या दिवशीच हजर. खिशातून त्यांनी एक पुडी काढली.

"सकाळच्या चहात ही टाक. दुपारपर्यंत गाढ झोपतील. सर्दी झालीय म्हणून सांगू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"बाइके, ते झोपत नाहीत, ताठतात. तुम्ही तेव्हा शहरात होतात, चमचा माझ्या हातात होता."

"अगं, त्या बाईनं विचारलं डोक्याला काय झालंय, तर काय सांगशील? रक्तात वेड आहे म्हणतील! झुमके परत येतील, एर्मेक आयुष्यभर तुला बोल लावेल."

हे मात्र वर्मी लागलं. खोटं नव्हतंच ते. बुरुलनं नवऱ्याकडे बघितलं. कुबात बुटाची नाडी बांधत होता, ती नाडी काही केल्या संपेना.

"तू बोल की काहीतरी!"

"मी काय बोलू? तू म्हणशील ते," कुबात म्हणाला, आणि मग हळूच, "पण ते इंजेक्शन आठवलं की मला झोप येत नाही."

"झालं तर मग. पुडी खिशात ठेवा बाइके. ते माझ्या लेकाच्या सोयरिकीत बसणार, जागे बसणार. घाईची दुवा कशी थांबवायची ते मी बघते."

तिनं रात्रभर नव्हे, कणीक लाटता लाटता तासाभरात ठरवलं. सासरे दुवा देतात ती ताटली रिकामी झाली की. म्हणजे ताटली रिकामी होऊ द्यायची नाही. पण पुन्हा पुन्हा वाढलं तर हा माणूस फुटेपर्यंत खाईल. मग काय? मग मान! मेंढीची मान. मांस थोडं, मणके फार, प्रत्येक मणक्याच्या खाचेखाचेत चिकटलेलं. हाड लख्ख केल्याशिवाय खाली न ठेवणारा हा माणूस, मोजून मोजून मणके साफ करत बसेल. अडचण एकच. मेजवानीत प्रत्येकाला वयामानाप्रमाणे हाड मिळतं. शार्शेनच्या वयाच्या माणसाला जांबाश, कमरेचं मोठं हाड, लुसलुशीत चरबीचं. मान कुणी माणसासमोर ठेवत नाही, ती चुलीपाशी बसणाऱ्यांनी चघळायची. सासऱ्याला मान वाढणारी सून! पण गर्दीत कोण बघतंय, असं तिनं स्वतःला समजावलं. आयुष्यात एवढी मोठी चूक तिनं क्वचितच केली असेल. किर्गिझांच्या मेजवानीत हाडं कोण बघतंय म्हणे!

पाहुणे आले. सामोवार आतून चंद्रासारखं घासलेलं, टीव्हीवर चादर टाकून त्याचं तोंड बंद केलेलं. सासऱ्यांचे एक्केचाळीस खांब झाले होते, गोळी झाली होती, मुरंबा झाला होता. बुरुलनं त्यांना मानाच्या जागी पण खिडकीशी बसवलं, बाहेरचा एक खांब दिसेल असं. कापायच्या आधी मेंढी दारात आणली, तेव्हाची दुवा त्यांनीच दिली, वेळेवर आणि सुरेख. चहा झाला. मिठाई त्यांच्यापुढे बेताचीच होती, ती संपायच्या आत तिनं सोलायला अक्रोड दिले. थोरले दीर घामाघूम होऊन बघत होते. मग मांस आलं.

कुलिपाला मानाचं शेपटीकडचं हाड, तिच्या नवऱ्याला मेंढीचं डोकं, आणि शार्शेनपुढे झाकलेल्या ताटलीत मान. सासऱ्यांनी पहिला मणका उचलला, चाकूचं टोक खाचेत घातलं आणि रमले. दुसरा मणका. तिसरा. बुरुल दारापाशी चहा ओतत होती, तिच्या खांद्यावरचं ओझं एकेका मणक्यानं कमी होत होतं. सगळं छान चाललं होतं.

"बुरुल एजे," कुलिपाचा आवाज आला. फार गोड होता, म्हणून बुरुलच्या हातातली वाटी थांबली. "तुमच्या खोऱ्यात रीत वेगळी आहे का? घरातल्या मोठ्या माणसाला मान वाढतात?"

थोरल्या दिरांनी डोळे मिटून घेतले. कुलिपाचा नवरा मेंढीचा कान कापता कापता थांबला.

"नाही, म्हणजे... त्यांना मान आवडते."

"आवडत असेल हो. मिळतं ते आवडून घ्यावं लागतं म्हाताऱ्यांना." कुलिपा उठली, आपल्या नवऱ्याच्या शेजारच्या मोठ्या परातीतलं जांबाश एका ताटलीत घेतलं, मानेची ताटली बाजूला सारली आणि वाकून ते शार्शेनपुढे ठेवलं. "घ्या, अताके. हे तुमचं."

अताकेंनी घेतलं. चार घासांत चरबी गेली, पाचव्या घासात उरलेलं मांस. बुरुल तोपर्यंत दोनच पावलं चालली होती. त्यांनी बोटं चाटली, समोरची ताटली बघितली, ती रिकामी होती. तळवे उघडले.

"पोरांचं घर नांदतं राहो, चूल विझू नये, ओमिन!"

सवयीनं सगळ्यांचे हात वर गेले. सवयीनं तोंडावरून फिरले. शोरव्याच्या वाट्या तशाच वाफाळत होत्या, कणकेच्या पट्ट्या अजून उकळत्या पाण्यात पडायच्या होत्या, आणि कुलिपाचा नवरा, बिचारा, अर्धा कान हातात घेऊन उठायला लागला.

"बसा!" बुरुल ओरडली.

पाहुण्यांसमोर सुनेचा आवाज एवढा कधी चढत नाही. तिची तिलाच कानशिलं तापलेली जाणवली. पण आता तोंड उघडलंच होतं.

"बसा, कुणी उठू नका. कुलिपा एजे, मान मी त्यांचा अपमान करायला वाढली नाही. त्यांना हाड साफ करायला वेळ लागावा म्हणून वाढली. ते आजारी आहेत. मेंदूचा पुढचा भाग झिजलाय, समोरची ताटली रिकामी झाली की त्यांच्यासाठी मेजवानी संपते. हे बरे होणार नाहीत. सकाळी एक छोटी गोळी असते, बाकीचं सगळं मीच आहे. लपवायचं होतं मला. तुम्ही झुमके परत पाठवाल या भीतीनं लपवायचं होतं. पण माझ्या सासऱ्यांना मी उपाशी ठेवते असं कुणी म्हणावं, ते मला नाही सोसायचं!"

"अगं, गप!" थोरले दीर पुटपुटले.

"तुम्ही गप बसा, बाइके," कुबात म्हणाला. जन्मात पहिल्यांदा.

कुलिपा शार्शेनकडे बघत होती. शार्शेन पुन्हा मानेकडे वळले होते, चौथा मणका राहिला होता ना.

"रक्तात उतरतं का हे?" तिनं विचारलं.

"उतरतं कधी कधी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांच्या आईवडिलांत भावंडांत कुणाला नव्हतं, म्हणजे बहुतेक नाही. पण लिहून कुणी देत नाही. मीही देणार नाही."

"गोळी देऊन झोपवून का नाही ठेवलंत आज? कुणाला कळलं नसतं."

"ते या घरातले मोठे आहेत," बुरुल म्हणाली. "कुठे ठेवू त्यांना?"

कुलिपा खाली बसली. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. मग नवऱ्याला म्हणाली, "तो कान खा की, गार होतोय."

नवऱ्यानं घाईघाईनं कान तोंडात टाकला.

"माझी जांगिल," कुलिपा बुरुलला म्हणाली, "तापट आहे. दूध उतू घालवते. लहानपणी घोड्यावरून पडली, तेव्हापासून थंडीत पाय धरतो तिचा. हे मीही लपवलं होतं. वाटभर एकच विचार होता माझ्या डोक्यात: उद्या हिला काही झालं, ही निरुपयोगी झाली, तर ही माणसं हिला कुठे ठेवतील? सामोवार कसलं बघते गं मी, ते तर कुणीही घासतं. मी तेच बघत असते." तिनं नाक पुसलं. "तारीख धरा. बर्फ पडायच्या आत."

बुरुल रडत होती आणि तरीही हातानं चहा ओतत होती, अर्धा वाटीत, अर्धा सतरंजीवर.

मुकांबेत बाइकेंना हुरूप आला. "मग लग्नात दुवा मीच देतो. म्हणजे घोळ नको."

"तुम्ही कशाला?" कुलिपा म्हणाली. "दुवा शार्शेन-अताके देतील. ते मोठे आहेत. आम्ही घरूनच जेवून येऊ."

सगळी खोली हसली. कणकेच्या पट्ट्या आत आल्या. शार्शेननी चौथा मणका लख्ख करून रांगेत ठेवला आणि पाचवा उचलला.